बुलडाणा फाट्यावरची मुराळी

पिशवी घेऊन निघालेल्या माणसाला 'कुठं चालला' असं विचारायचं नाही, हा शालूबाईंच्या घरातला पहिला कायदा. 'कुठं' म्हटलं की काम होत नाही, गाडी चुकते, साहेब रजेवर जातो, असा त्यांचा साठ वर्षांचा अनुभव. विचारायचंच असलं तर 'लांब का?' असं विचारावं. मग तो माणूस 'हाव, जरा लांबच' नाहीतर 'नाई, इथंच' म्हणतो आणि दोघांचंही समाधान होतं. अमडापूरच्या त्या गल्लीत सगळे असंच विचारतात. त्यामुळे कोण किती लांब गेलं हे साऱ्या गल्लीला माहीत असतं, आणि कुठं गेलं हे कोणालाच माहीत नसतं.

निशिगंधा ही शालूबाईंची नात, दहावीतली. घरात तिला छकुली म्हणत आणि ते तिला गेल्या दोन महिन्यांपासून अजिबात चालत नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी चिखलीला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला होता. त्याआधी ही पोरगी हजेरीला 'उपस्थित' इतक्या हळू म्हणायची की बाईंनी दोनदा तिची गैरहजेरी लावली होती. पण माईकमधला आपला आवाज हॉलच्या शेवटच्या भिंतीवर आपटून परत आलेला तिनं ऐकला आणि तिथून तिचं सगळंच बदललं. आता नळाला पाणी नाही आलं तर ती एकटी ग्रामपंचायतीत जायची, बसमध्ये कंडक्टरशी वाद घालायची आणि अंगण झाडतानाही मधेच झाडू उंच धरून 'अध्यक्ष महोदय' म्हणायची.

तर अशा ह्या निशिगंधाच्या वाट्याला त्या दिवाळीत एक काम आलं. आत्याला माहेरी आणायचं.

अन्नपूर्णा आत्या सहा वर्षं माहेरी आली नव्हती. भांडण म्हणावं तर ते भांडणही नव्हतं. तिकडची रीत अशी की सणाला लेकीला आणायला माहेरचं माणूस तिच्या सासरच्या दारात जातं. भाऊ जातो, नाहीतर भावाचा मुलगा. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला की सासरचे लोक त्याला पाटावर बसवून गोडधोड वाढतात, डोक्यावर टोपी ठेवतात, आणि मग लेक मान वर करून त्याच्यासोबत निघते. मुराळ्याशिवाय निघाली तर सासरचे काही म्हणत नाहीत, पण ते काही न म्हणणंच फार लागतं. सहा वर्षांपूर्वी आत्या नांदुऱ्याला सासरी होती आणि निशिगंधाचे बाबा, ज्ञानेश्वर, कापसाच्या वेचणीत बुडालेले होते. त्यांनी फोनवर सांगून टाकलं, मुराळी कशाले पाहिजे, खामगावची बस धर अन् ये. आत्या एवढंच म्हणाली, "मुराळी नाई तं माहेर नाई, दादा." बाबांनाही राग आला. मग आत्याच्या यजमानांची नोकरी हैदराबादला गेली, ती तिकडे गेली, आणि सहा भाऊबिजा बाबांना गल्लीतल्या मानलेल्या बहिणींनी ओवाळलं. फोन व्हायचे, पण तिकडे ऊन किती आणि इकडे पाऊस किती, याच्या पुढं कोणी जायचं नाही.

यंदा बाबा ट्रॉलीवरून पडले. उजव्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. एखादा माणूस महिनाभर खाटेवर पडून टिनाच्या पत्र्यांकडे पाहत राहिला की त्याला बऱ्याच गोष्टी आठवतात. एका दुपारी त्यांनी फोन लावला आणि म्हणाले, "अन्नपूर्णा, या भाऊबिजेले मुराळी पाठवतो." तिकडे आधी पंखा बंद झाला. मग आत्यानं सांगितलं की हैदराबादपर्यंत कोणी यायची गरज नाही. ती विमानानं येईल, भाऊबिजेच्या दिवशी दुपारी साडेबाराला उतरेल. विमानतळाचं दार हेच सासरचं दार समजा. पण त्या दारात मुराळी उभा पाहिजे. नसला तर ती उभ्या उभ्या नांदुऱ्याला निघून जाईल. रजा चारच दिवसांची होती. नांदुऱ्याच्या घरात एकदा पाय पडला की ते चारही दिवस तिथंच जाणार, हे न सांगता सगळ्यांना समजलं.

मुराळी म्हणून जायला पुण्याचा चुलतभाऊ ऋत्विक तयार होता, पण त्याच्या कॉलेजनं दिवाळीतच कसलीशी परीक्षा काढली. दुसरा मुलगा घरात नव्हता. निशिगंधा म्हणाली, मी जाते. शालूबाईंनी हातातली करंजी तशीच धरून तिच्याकडे पाहिलं. पोरगी मुराळी झाल्याचं त्यांच्या माहेरी, सासरी आणि मधल्या कुठल्याही गावात त्यांनी ऐकलं नव्हतं. निशिगंधानं घसा साफ केला. बाबा खाटेवरून घाईघाईनं म्हणाले, "जाऊ दे माय तिले. नाई म्हटलं तं आता अध्यक्ष महोदय सुरू होईन."

गाडी ठरली किसनरावांची. किसनराव अमडापूर ते चिखली जीप चालवायचे, बाबांचे लहानपणचे दोस्त. ते अंतर किलोमीटरमध्ये मोजत नसत, चहात मोजत. चिखली म्हणजे अर्धा चहा, जालना दोन चहा, संभाजीनगर तीन. चौथ्या चहाच्या पलीकडे ते आयुष्यात कधी गेले नव्हते.

आता चूक कशी झाली ते ऐका, कारण ती चूक दुसऱ्या कुठल्या गावात झालीच नसती.

भाऊबिजेच्या सकाळी साडेसहाला, केस विंचरता विंचरता, निशिगंधा फोनवर रस्ता पाहत होती. चिखली, देऊळगाव राजा, जालना आणि मग संभाजीनगर. अमडापुरात विमानतळ म्हटलं की संभाजीनगरचं. गावातली जी दोन माणसं आजवर विमानात बसली ती तिथूनच बसली, म्हणून तो प्रश्नच कोणाला पडला नव्हता. पण नकाशा बोटानं जरा सरकला आणि वरच्या बाजूला आणखी एक छोटं विमान दिसलं. जळगाव. तिनं शोधलं. हैदराबादहून तिथंही विमान येत होतं.

तिच्या हातातला कंगवा थांबला. तिनं लगेच आत्याला फोन लावायला घेतला, तर आजीनं मनगट धरलं. आत्या एव्हाना घरून निघाली असणार. निघालेल्या माणसाला 'कुठं'? सहा वर्षांनी लेक येऊन राह्यली अन् तू तोंडातून 'कुठं' काढतं? निशिगंधानं दोन मिनिटं वाद घातला. तालुक्यात दुसरा नंबर असला तरी शालूबाईंच्या पुढं तो चालत नसे. मग तिला एक युक्ती सुचली आणि ती इतकी झकास होती की तिनं स्वतःचीच पाठ थोपटली. 'कुठं' विचारायचं नाही ना? नाही विचारत. 'किती लांब' विचारते.

"आत्या, इमानाचा परवास किती लांब आहे वं?" तिनं मुद्दाम आजीसारखं विचारलं.

"कायचा लांब," आत्या म्हणाली. मागे रिक्षाचा आवाज येत होता. "सव्वा तासाचं तं काम आहे."

झालं. निशिगंधानं फोनवर दोन्ही विमानं काढली. उतरत दोन्ही साडेबाराच्या आसपासच होती, म्हणून तिनं प्रवासाचा वेळ पाहिला. हैदराबाद ते संभाजीनगर, एक तास पंधरा मिनिटं. हैदराबाद ते जळगाव, एक तास पंचवीस मिनिटं. सव्वा तास म्हणजे पंचाहत्तर मिनिटं, म्हणजे संभाजीनगर. तिनं भूमितीच्या वहीत लिहितात तसं मोठ्यानं जाहीर केलं, "हेच सिद्ध करायचे होते." आजी समाधानानं करंज्या डब्यात भरायला गेली. आपल्याकडे माणूस सव्वा तास म्हणतो तेव्हा तो घड्याळ पाहून म्हणत नाही, तासापेक्षा जास्त आणि कंटाळा यायच्या आत, एवढाच त्याचा अर्थ असतो, हे निशिगंधाला माहीत होतं. रोज तीच असं म्हणायची. पण त्या सकाळी ती स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश होती की आपल्याच गावाची बोलायची पद्धत विसरली.

सात वाजता जीप निघाली. मागच्या सीटवर करंज्यांचा स्टीलचा डबा, ओटीचा नारळ आणि नवं लुगडं. दारात बाबा कुबडी घेऊन उभे होते. त्यांनी तिला बाकी काही सांगितलं नाही, फक्त "घेऊनच येजो" म्हणाले आणि पुन्हा आत गेले. चिखली मागे पडेपर्यंत निशिगंधा गप्प होती, आणि किसनरावांना वाटलं पोरीची तब्येत बिघडली की काय.

तीन चहा घेऊन सव्वाअकराला ते विमानतळावर पोचले. निशिगंधानं दारासमोर, अगदी मधोमध, पाय रोवून जागा धरली. हैदराबादचं विमान बारा चाळीसला उतरलं. माणसं बाहेर यायला लागली. चाकाच्या बॅगा ओढणारी, फोनवर बोलणारी, फुलं घेतलेली. निशिगंधानं चेहरा हसरा ठेवला होता. शेवटी एक म्हातारे गृहस्थ आले, मग एक सफाईवाली, मग दार बंदच राहिलं.

फोन वाजला. आत्या.

"छकुले," आत्याचा आवाज अगदी सरळ होता, इस्त्री केल्यासारखा. "मी दारात उभी राहून दहा मिनिटं झाले. इथं कोनी नाई."

"आत्या, मी पन दारातच उभी आहे."

निशिगंधानं विचारायचं नव्हतं ते शेवटी विचारलंच. आत्या कुठं आहे. आत्या जळगावला होती.

एका क्षणात निशिगंधाच्या मनात चार कारणं तयार झाली. आजीनं विचारू दिलं नाही. बाबांनी आधी विचारलं नाही. आत्यानं सव्वा तास म्हटलं. चौथं कारण तर फारच चांगलं होतं, त्यात विमान कंपनी येत होती. पण मग तिला बाबांची कुबडी आठवली.

"आत्या, माह्यी चूक झाली," ती म्हणाली. "मीच हिशोब लावला अन् मीच चुकली. पन मुराळी आला आहे. फक्त दुसऱ्या इमानतळावर आला आहे."

"कोन आला, ऋत्विक?"

"नाई. मी."

पलीकडून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की रागाचा, हे निशिगंधाला कळलं नाही. आत्यानं विचारलं, इथून तिथपर्यंत अंतर किती. निशिगंधानं पाहिलं. एकशेसाठ किलोमीटर, चार तास. किसनरावांनी बाजूनं भर घातली की त्यांच्या मापानं चार चहा आणि वर एक घाट. आत्या म्हणाली, चार तास ती विमानतळाच्या दारात बसणार नाही. दिराचा दोनदा फोन येऊन गेला, नांदुरा तिथून दोन तासावर आहे. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच निशिगंधा घाबरली. रागावलेल्या माणसाला समजावता येतं. ही तर नुसती थकलेली वाटत होती.

"आत्या, तू निम्म्यात ये," निशिगंधा म्हणाली. "मी निम्म्यात येते."

"नाई बाई. मी आपल्या पायानं माहेरची वाट धरनार नाई. सहा वर्स नाई धरली, आता धरू?"

आणि इथं निशिगंधाला माईक दिसला. खरं तर समोर फक्त कचऱ्याचा डबा होता, पण तिला माईकच दिसला. ती म्हणाली, आत्या, जळगावहून अमडापूरची वाट कोणती? मलकापूर, मोताळा, बुलडाणा, चिखली. बरोबर? ती वाट तू धरूच नको. तू संभाजीनगरच्या रस्त्यानं निघ. तो रस्ता माहेरचा नाहीच. तो अजिंठ्याचा रस्ता आहे. लोक देशोदेशीहून त्या रस्त्यानं लेणी पाहायला जातात, त्यांना कोणी विचारतं का तुमचा मुराळी कुठं आहे म्हणून? तू लेणी पाहायला निघाली. घाट चढलीस की अजिंठा गाव लागतं, तिथं बुलडाण्याकडे जायचा फाटा आहे. माहेरची वाट त्या फाट्यापासून सुरू होते. आणि त्या फाट्यावर मुराळी उभी असेल.

आत्यानं अगदी हळू आवाजात विचारलं, "माह्या आधी उभी राहशील?"

"राहीन."

"मी आली अन् तिथं कोनी नसलं तं मी गाडी तशीच वळवीन, छकुले."

निशिगंधानं पार्किंगच्या पावतीच्या पाठीवर लगेच आकडे मांडले. दोन गाड्या समोरासमोरून निघतात, कोठे भेटतील, हे गणित तिनं वर्गात शंभर वेळा सोडवलं होतं. पण त्या पुस्तकातल्या गाड्यांना कधी कोणाआधी पोचायचं नसायचं. इथून अजिंठा शंभर किलोमीटर, जीपची चाल तासाला पंचेचाळीस, म्हणजे सव्वादोन तास. ह्या वेळी तिनं सव्वादोन चक्क घड्याळानं मोजले. तिकडून साठ किलोमीटर, घाट धरून दीड तास. मुराळी आधी पोचायला हवा. तिनं आत्याला सांगितलं, निवांत जेवून घे, बरोब्बर दोनला गाडीत बस. ती साडेतीनला पोचेल, जीप सव्वातीनला. पंधरा मिनिटं हाताशी.

"किसनकाका," ती जीपमध्ये बसता बसता म्हणाली, "आता वाटेत चहा नाई."

किसनरावांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं चाकं काढून ठेवायला सांगितली. बिना चहाचे शंभर किलोमीटर त्यांच्या हयातीत झाले नव्हते. निशिगंधानं डबा उघडला आणि एका चहाला चार करंज्या असा भाव काढला. किसनराव पाचवर अडून बसले. पाचला सौदा पटला.

फुलंब्रीपर्यंत जीप झकास गेली. सिल्लोडला मात्र साऱ्या जिल्ह्याचे भाऊ आणि साऱ्या जिल्ह्याच्या बहिणी एकाच चौकात जमल्या होत्या. प्रत्येक मोटारसायकलवर एक भाऊ, एक बहीण, दोन लेकरं आणि एक डबा. मधे कापसाची ट्रॉली आडवी. निशिगंधा खाली उतरली. दोन महिन्यांपूर्वीची निशिगंधा जीपमध्ये बसून रडली असती. ही निशिगंधा चौकात मधोमध उभी राहिली आणि माईकशिवाय बोलली, की भाऊबीज सगळ्यांचीच आहे, आधी ट्रॉली मागे घ्या, मग ह्या बाजूचे भाऊ सोडा, मग त्या बाजूचे. लोकांना वाटलं ही कोणीतरी अधिकाऱ्याची मुलगी असावी. ट्रॉली मागे सरकली. जीप सुटली तेव्हा पंधरातली बारा मिनिटं गेली होती.

उरलेली तीन गोळेगावच्या पुढं गेली. बॉनेटमधून वाफ निघाली. किसनराव शांतपणे उतरले, पाण्याचा कॅन काढला आणि म्हणाले, "मानसाले चहा नाई दिला तं मानूस तापते. हे तं गाडी आहे." इंजिन थंड होईपर्यंत निशिगंधा रस्त्याच्या कडेला उभी राहून फोन लावत राहिली. आत्याचा फोन लागत नव्हता. ती घाटात असणार. म्हणजे गणित जुळत होतं, आणि ह्या एका वेळी निशिगंधाला वाटलं की आपलं गणित चुकलं असतं तर बरं झालं असतं.

अजिंठ्याच्या फाट्यावर जीप पोचली तेव्हा तीन वाजून पंचेचाळीस मिनिटं झाली होती. निशिगंधा जीप थांबायच्या आत उतरली. फाट्यावर एक चहाचं हॉटेल, एक पंक्चरचं दुकान, उसाच्या रसाचं बंद पडलेलं गुऱ्हाळ. आत्या नव्हती. हॉटेलवाल्याला विचारलं, एखादी बाई गाडीतून आली होती का, उतरली होती का. तो म्हणाला, इथं सकाळपासून कोणी बाई उतरली नाही.

उतरली नाही म्हणजे परतली. निशिगंधा फाट्याच्या पाटीला हात धरून उभी राहिली. पाटीवर बाणाखाली बुलडाणा लिहिलेलं होतं. तिला बाबांना काय सांगायचं याचं एक वाक्यही सुचेना, आणि सुचत नाही असं दोन महिन्यांत पहिल्यांदाच होत होतं.

तेवढ्यात किसनरावांनी हाक न मारता नुसती हनुवटी घाटाच्या दिशेला केली. तिकडे दोनशे पावलांवर, लिंबाच्या झाडाखाली, एक पांढरी गाडी उभी होती. काचा वर. ती गाडी आता हळूच सुरू झाली, अगदी वरातीसारखी हळू, आणि येऊन फाट्यावर पाटीसमोर थांबली. मागचं दार उघडलं. जांभळ्या साडीतली आत्या उतरली. केस थोडे पांढरे झाले होते, नाक मात्र बाबांचंच.

"आली का मुराळी?" तिनं विचारलं.

निशिगंधानं नुसती मान हलवली.

"मंग मी पन आत्ताच आली," आत्या म्हणाली.

पांढऱ्या गाडीचा ड्रायव्हर मागून काहीतरी सांगायला निघाला होता, की आम्ही वीस मिनिटं झाडाखाली, पण आत्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला लगेच काच पुसायची आठवण झाली.

आत्या लगेच जीपमध्ये बसली नाही. रीत म्हणजे रीत. तिनं हॉटेलवाल्याकडून एक रिकामं क्रेट मागून घेतलं, पालथं घातलं, त्यावर आपला टॉवेल अंथरला आणि निशिगंधाला पाटावर बसवावं तसं बसवलं. बॅगेतून म्हैसूरपाक काढून तिच्या हातावर ठेवला. मग एक कागदी पुडकं काढलं. त्यात शर्टपीस आणि पांढरी शुभ्र टोपी होती.

"मले वाटलं ऋत्विक येईन," ती म्हणाली. "म्हनून हे आनलं. आता पोट्टीले टोपी कशी द्यावं?"

"डोक्यावर दे," निशिगंधा म्हणाली.

आत्यानं टोपी ठेवली. ती दोन बोटं मोठी होती, कानावर आली. किसनरावांनी तोवर तिसरा कप रिचवला होता, राहिलेले वसूल करायला. हॉटेलवाल्यानं चहाचे पैसे घ्यायला नकार दिला. म्हणाला, त्याच्या हॉटेलात पहिल्यांदाच कोणाचं सासर आलं.

वाटेत बुलडाण्यापर्यंत दोघी इतक्या बोलल्या की किसनरावांना रस्त्याचं वळणही सांगायला जागा मिळाली नाही. चिखली गेलं, आणि मग आत्या एकदम गप्प झाली. खिडकीतून हरभऱ्याची शेतं, मग अंधार पडत आलेली झाडं पाहत राहिली. निशिगंधानंही बोलणं थांबवलं. कधी बोलायचं नाही, हेही तिला त्या दिवशी थोडंसं कळलं होतं.

दिवे लागून गेले होते. बाबा ओसरीत खुर्चीवर बसलेले, प्लास्टरचा पाय पाटावर ठेवलेला. दुपारपासून ते तिथंच होते. फोनवर सगळं समजूनही ते आत गेले नव्हते. जीपचा आवाज आला तसे त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि कुबडी पडली.

"बस, दादा," आत्या म्हणाली. "उठलास तं मी इथूनच परत जाईन."

शालूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकीच्या पायावर पाणी घातलं, आणि मग त्यांची नजर नातीच्या डोक्यावर गेली. त्यांनी टोपीकडे बराच वेळ पाहिलं. निशिगंधानं ती काढली नाही. शेवटी आजीनं हात पुढं करून टोपी जरा सरळ केली, एवढंच.

आत्यानं ताट घेतलं, सुपारी फिरवली, बाबांना ओवाळलं. बाबांनी ताटात काय टाकलं ते कोणी पाहिलं नाही, कारण ते डोळ्यात तुपाच्या वातीचा धूर गेला असं म्हणत होते, आणि धूर तर उलटीकडे जात होता.

ताट खाली ठेवून आत्या पाटावर टेकली, अजून पाणीही प्यायली नव्हती, तोच निशिगंधा समोर येऊन बसली.

"आत्या, परत जायचं इमान कुठून आहे?"

शालूबाई म्हणाल्या, आल्या आल्या घालवतं का पोरीले. निशिगंधा म्हणाली की आजी, कायदा निघालेल्या माणसासाठी आहे, आत्या तर आत्ताच आलेली आहे. आलेल्या माणसाला कुठं म्हणायला बंदी नाही. शालूबाईंच्या कायद्यातली ही फट साठ वर्षांत कोणी काढली नव्हती.

आत्यानं पर्समधून तिकिटाचा कागद काढून तिच्या हातात दिला. निशिगंधानं वाचला. मग पुन्हा वाचला. यायचं जळगावला होतं. जायचं संभाजीनगरहून होतं.

"हे असं काऊन?"

आत्या पदराशी खेळत राहिली. मग म्हणाली, "मुराळी नाई आला तं नांदुरा जवळ पडावं, म्हनून उतराचं तिथं घेतलं. जायाचं तिकीट तं मानूस आपल्या घराजवळूनच घेते ना. ते दोनी मी एकाच दिवशी काढले. दादाचा फोन ठेवला अन् लगेच."

बाबा पुन्हा धुराबद्दल काहीतरी म्हणाले.

निशिगंधानं कागदाची घडी घातली आणि ती टोपीत खोचून ठेवली, कारण चार दिवसांनी सकाळी सातला मुराळी म्हणून तीच निघणार होती, संभाजीनगरला, तीन चहांवर. ह्या वेळी कोणी विचारलंच, तर किती लांब ते तिला चांगलंच माहीत होतं.